फराळ म्हणजे जेवण नव्हे

त्या मंगळवारी तहसील कचेरीसमोर मी पडलो, एवढे मला मान्य आहे. त्यापुढे वडवणीत जे जे सांगितले जाते, त्यातील एकही वाक्य मला मान्य नाही. ते का मान्य नाही, हे एकदा लेखी असावे म्हणून हा मजकूर लिहीत आहे.

कचेरीच्या आवारातील लोक सांगतात की अर्जनवीस आप्पांना फिट आली. माझा मुलगा पुण्याला असतो. तो घटनास्थळी हजर नव्हता, तरी त्याचे ठाम मत असे की वयोमानामुळे आप्पांना आता गोळ्यांचे भान राहत नाही. माझा एक मित्र आहे, एस.टी.तून निवृत्त झालेला कंडक्टर. तो सांगतो की त्याने माझ्या नाकाला चप्पल लावली म्हणून मी शुद्धीवर आलो. आणि माझी पत्नी सगळ्यांचे ऐकून घेते व शेवटी तीनच शब्द बोलते, "हट्टानं पडलेत ते."

मी चाळीस वर्षांहून अधिक काळ तहसीलीसमोर पत्र्याच्या शेडखाली टेबल मांडून अर्ज लिहीत आलो आहे. वारसाची नोंद, फेरफार, रेशनकार्डातील नावाची दुरुस्ती, सामाईक बांधाची तक्रार, सर्व काही लिहिले. एक शब्द चुकीच्या जागी पडला की अर्ज परत येतो, हे मला सांगावे लागत नाही; उलट अनेक साहेबांना ते मी सांगितले आहे. अशा माणसाला कागदावरचे दोन शब्द वाचता आले नाहीत, असे जर कोणी म्हणत असेल, तर त्याने प्रथम माझी बाजू ऐकावी.

सुरुवात चैत्रात झाली. डाव्या बरगडीखाली फोड उठले आणि पाठीपर्यंत पट्टा तयार झाला. पत्नीने पाहताक्षणी निदान केले, "नागीण हाय. तोंडाला शेपूट मिळायच्या आत दवाखान्यात चला." तोंड आणि शेपूट या सिद्धांतावर माझा विश्वास नाही, हे मी तिला विस्ताराने सांगितले, मात्र बीडला जाणाऱ्या पहिल्याच गाडीत बसलो. फोड पंधरा-वीस दिवसांत वाळले. दुखणे वाळले नाही. सदऱ्याचे कापड त्या जागेला घासले तरी कोणी विस्तव ठेवल्यासारखे वाटे, आणि मधूनच विजेची तार लागावी तशी कळ जाई. सदरा घातल्याशिवाय कचेरीसमोर बसता येत नाही आणि घातला की बसवत नाही, असा तो पेच होता. सलग आठवडाभर माझे टेबल रिकामे राहिले. एवढ्या वर्षांत तसे कधी झाले नव्हते.

बीडच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलाहूनही लहान असाव्यात. त्यांनी गॅबापेंटिन नावाची कॅप्सूल दिली. आधी रात्रीची एक, आणि पुढच्या आठवड्यापासून सकाळी एक व रात्री एक. दहा-बारा दिवसांत विस्तव निखाऱ्यावर आला आणि निखारा राखेवर. मी पुन्हा सदरा घालून टेबलावर बसू लागलो. इथवर कोणाचाही वाद नाही.

वाद पुढे सुरू होतो. श्रावणाच्या तोंडावर कॅप्सूल संपल्या. कंडक्टर त्याच्या डोळ्यांच्या कामासाठी बीडला निघाला होता, म्हणून चिठ्ठी त्याच्याकडे दिली. तो परतला तो कागदी पाकीट हातात नाचवीतच.

"आप्पा, लपवून ठिवलं व्हय आमच्यापून? दुकानदार म्हनला, ही फिटची गोळी हाय."

"ही नसेच्या दुखण्याची गोळी आहे," मी म्हणालो.

"मंग दुकानदार खोटं बोलतो का बे? आन् हे काय लिव्हलंय? एक-शून्य-एक. एकशे एक! गोळ्या हायेत का लग्नातला आहेर?"

शेडखाली बसलेले सगळे हसले. माझ्या मते वडवणीत माझ्या फिटचा जन्म त्याच घटकेला झाला. प्रत्यक्ष पडणे पुढे चार आठवड्यांनी झाले. पण पाकिटावर दुकानदाराने लिहिलेल्या आकड्यांखाली आणखी एक शब्द होता, तो कंडक्टरने वाचला नाही. मी वाचला. तो शब्द होता 'जेवणानंतर'.

श्रावणातले सोमवार मी कडक धरतो. दिवसभर उपास आणि तो सोडायचा मंगळवारी सकाळी, महादेवाला बेल वाहून; आमच्या घरात हीच रीत आहे. दिवसभरात थोडी भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी, केळी, आणि चहा, एवढाच फराळ होतो. आता हुकूम काय होता? जेवणानंतर. सोमवारी जेवण नाही. जेवण नाही तर 'जेवणानंतर' ही वेळच उद्भवत नाही. फराळ म्हणजे जेवण नव्हे. तसे असते तर उपास कसला? म्हणून सोमवारच्या दोन्ही कॅप्सूल मी राखून ठेवल्या आणि मंगळवारी उपास सोडल्यावर, जेवणानंतर, त्या दोन व मंगळवार सकाळची एक अशा तीन घेतल्या. हुकुमाचे पालनही झाले आणि काही राहूनही गेले नाही. अर्जनविसाने याहून काटेकोर वागावे तरी कसे?

पहिल्या मंगळवारी कचेरीची फरशी किंचित कललेली वाटली. सार्वजनिक बांधकामाचा दर्जा मला ठाऊक असल्याने मी त्याचा दोष स्वतःकडे घेतला नाही. दुसऱ्या मंगळवारी एका शेतकऱ्याचे नाव मी अर्जात दोनदा लिहिले. तिसऱ्या मंगळवारी बसल्या जागी डुलकी लागली. ते मी चिंतन म्हणून खपविले.

चौथ्या मंगळवारी तलवाड्याकडील एक गृहस्थ बहिणीच्या वारसनोंदीसाठी आले होते. 'सदर' आणि 'सदरहू' या दोन शब्दांत फरक काय, असे त्यांनी विचारले. असा प्रश्न वर्षातून एखाद्याच माणसाला सुचतो. उत्तर उभे राहून देण्याच्या योग्यतेचे होते, म्हणून मी झटकन उठलो. शेडचा पत्रा एका बाजूला गेला, टेबल दुसऱ्या बाजूला गेले, आणि मी खुर्ची जिथे असावी असे समजलो तिथे बसलो. खुर्ची तिथे नव्हती.

हातपाय झाडले नाहीत. दातखीळ बसली नाही. तोंडाला फेस आला असे जे म्हणतात, तो साबणासारखा पांढरा पदार्थ म्हणजे पित्ताच्या जळजळीसाठी मी सकाळी घेतलेले औषध होते, मिशीला लागलेले. मी पूर्ण शुद्धीवर होतो. फक्त जग स्थिर होईपर्यंत डोळे मिटून पडून होतो. तेवढ्यात कंडक्टरचा आवाज आला, "फिट! फिट आली! सरका, हवा येऊ द्या!" असे म्हणून तो माझ्या छातीवर वाकला, त्यामुळे होती ती हवाही बंद झाली, आणि माझ्या नाकाशी काहीतरी धरले. तो म्हणतो ती चप्पल होती. मी त्याच दिवशी सर्वांना स्पष्ट सांगितले की तो कांदा होता. शेजारच्या भज्यांच्या गाड्यावरून आणलेला.

मनगट मुरगळले, कपाळाला लहानशी खोक पडली. त्याबद्दल तक्रार नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याहून मुलगा आला आणि तक्रारीला कारण झाले.

त्याने आधी आईशी स्वयंपाकघरात खलबत केले, मग ओसरीवर येऊन माझ्यासमोर बसला.

"आप्पा, आता खूप झालं. सामान बांधा. दोघंही पुण्याला चला."

"किती दिवसांकरिता?"

"दिवसांकरिता नाही. कायमचं. इथं फिट येऊन पडलात, उद्या रस्त्यात पडाल. आई एकटी काय काय बघणार?"

"मला फिट आलेली नाही."

"मग का पडलात?"

या साध्या प्रश्नात किती चतुराई आहे, हे त्याला स्वतःला कळले असेल असे वाटत नाही. फिट आली म्हणावे तर पुण्याला जाणे आले. तपासण्या, मोठा दवाखाना, अकरावा मजला. फिट आली नाही म्हणावे तर पडण्याचे कारण सांगणे आले. ते तीन कॅप्सूलमध्ये होते. आणि ज्याला स्वतःच्या गोळ्या स्वतः घेता येत नाहीत त्याने मुलापासून दूर राहू नये, हे तर मुलाचे मूळ म्हणणेच होते. दोन्ही वाटा त्याच अकराव्या मजल्यावर जात होत्या. त्या मजल्यावर मी एकदा वीस दिवस राहिलो आहे. तिथे माझ्याशी वाद घालण्यास कोणी नव्हते. लिफ्टमधील लोक माझ्याकडे पाहून नुसते हसत आणि आपापल्या मजल्यावर उतरून जात.

"खुर्ची सरकलेली होती," मी म्हणालो.

मुलाने आईकडे पाहिले. आईने छताकडे पाहिले.

"आधी डॉक्टरांकडे जाऊ," मुलगा म्हणाला. "त्या काय म्हणतात ते ऐकू, मग ठरवू. पण त्या जर म्हणाल्या की लक्ष ठेवायला माणूस पाहिजे, तर मी तुमचं काही ऐकणार नाही."

बीडला जाताना मी मनात निवेदन तयार केले. मुद्देसूद आणि थोडके. डॉक्टरीणबाईंनी कपाळ पाहिले, मनगट पाहिले, डोळ्यांपुढे बोट फिरविले.

"आप्पा, गोळ्या नियमित घेता ना?"

"अर्जदार गोळ्या नियमित घेत आला आहे."

"रोज दोन?"

"सरासरी रोज दोन."

'सरासरी' हा शब्द मी जाणूनबुजून घातला होता. त्याने विधान खोटे होत नव्हते. पत्नीने तोंडाला पदर लावला.

"दुखणं कसं आहे आता?"

"एरवी ठीक. सोमवारी दुपारनंतर मात्र पुन्हा विस्तव पेटतो."

त्यांनी जुनी चिठ्ठी पुन्हा पाहिली. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "दोन गोळ्या नियमित घेऊनही दुखणं पूर्ण दबत नाहीये. तिसरी वाढवू या. आणि पडले कसे याचं कारण सापडेपर्यंत कोणीतरी सोबत असायला हवं. घरच्यांना फिटची शंका आहे, तर मेंदूची तपासणीही करून घेऊ." आणि चिठ्ठीवर पेन टेकविला.

माझ्या आयुष्यात चुकीच्या निवेदनावर निघालेले चुकीचे हुकूम मी शेकड्यांनी पाहिले आहेत. साहेब चुकत नसतात. त्यांच्यापुढे आलेला कागद चुकलेला असतो. तो कागद या वेळी मी दिला होता. रोज तीन, म्हणजे येत्या मंगळवारी, माझ्या हिशेबाने, चार एकदम. खुर्ची किती दूर सरकेल, याचा अंदाज मला आला.

"हरकत आहे," मी म्हणालो.

पेन थांबला.

"अर्जदारास पूर्वीच्या निवेदनात दुरुस्ती करावयाची आहे."

आणि मी सगळे सांगितले. पाकिटावरचा शब्द, उपास, फराळ आणि जेवण यांतील भेद, राखून ठेवलेल्या दोन, मंगळवारच्या तीन. सदर आणि सदरहू यांचेही सांगितले, कारण ते संदर्भाला आवश्यक होते. बोलणे संपेपर्यंत मुलाने कपाळाला हात लावला होता. आणि पत्नी, जी चार आठवडे हे सगळे पाहत होती, ती बोलली.

"भगर खातेत. खिचडी खातेत, तीबी दोनदा. चार येळा च्या पितेत. येवढं समदं पोटात गेलं तरी त्येला जेवन म्हनायचं न्हाई, आन् येवढुशी गोळी गेली की उपास मोडतो व्हय?"

"उपास मोडतो असे मी म्हटले नव्हते. जेवणानंतर असे लिहिले होते, आणि—"

"मंग इचारायचं कावून न्हाई? फोन हाय की."

हा आक्षेप मी नोंदवून घेतला.

डॉक्टरीणबाई हसल्या, पण हसणे संपल्यावर त्यांनी जे सांगितले ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. ही कॅप्सूल मुळात फिटवर निघाली, हे खरे. दुकानदार खोटे बोलला नव्हता. तीच भडकलेली नस शांत करते, म्हणून नागिणीनंतरच्या दुखण्यावर देतात. म्हणजे मीही खोटे बोललो नव्हतो. या कॅप्सूलने गुंगी येते, तोल जातो, उतारवयात अधिक. तीन एकदम घेतल्यावर माणूस पडला नाही तरच नवल. आणि नुसते पडण्यावर भागले, हे नशीब. दिवसभर बंद आणि मग एकदम तीन, हा झोका नसांना मानवत नाही. मनाने अचानक बंद केली तर ज्यांना कधी फिट आली नाही त्यांनाही येऊ शकते.

"म्हणजे आप्पा," त्या म्हणाल्या, "चार सोमवार तुम्ही ती फिट शोधतच होता."

मिशीला काय लागले होते तेही त्यांनी विचारून घेतले. ते जळजळीचे औषध कॅप्सूलच्या जवळपास घेतले तर कॅप्सूल अंगी लागत नाही. दोघांत दोन तासांचे अंतर पाहिजे. आणि कोणाला खरोखर फिट आलीच तर त्याला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, तोंडात काही कोंबू नये, दवाखाना गाठावा. चप्पल, कांदा यांचा काही उपयोग नाही.

"तो कांदा होता," मी म्हणालो.

"दोन्हींचा नाही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी जुन्या पाकिटावरचा 'जेवणानंतर' हा शब्द खोडला. ही कॅप्सूल जेवणाआधी, जेवणानंतर किंवा उपाशीपोटी, कशीही चालते. दुकानदाराने सवयीने लिहिले असावे. त्या नवे काही लिहिणार तोच मी हात पुढे केला. मसुदा मी करीन, आपण सांगा आणि खाली सही करा, असे सुचविले. मनगट दुखत होते, तरी अक्षर चांगले आले. त्या कागदाची नक्कल माझ्या पुढ्यात आहे:

"सकाळी आठ वाजता एक आणि रात्री आठ वाजता एक. जेवण, फराळ अथवा उपास यांचा या वेळांशी काहीही संबंध नाही. घेण्याची राहिल्यास आठवताच घ्यावी. मात्र पुढील वेळ जवळ आली असल्यास राहिलेली सोडून द्यावी. कोणत्याही कारणास्तव दोन एकदम घेऊ नयेत. विचारल्यावाचून बंद करू नये, वाढवू नये. उठताना सावकाश उठावे, प्रश्न कितीही चांगला असला तरी."

शेवटचे पाच शब्द त्यांचे आहेत. मी ते मसुद्यात घेण्यास विरोध केला होता.

तिसरी कॅप्सूल रद्द झाली, मेंदूची तपासणीही तूर्त टळली. अकरावा मजला मात्र टळला नव्हता. परतीच्या वाटेवर मुलगा गाडी चालवीत होता. तो म्हणाला, "आप्पा, तुम्ही आत खरं बोलला नसता, तर काय झालं असतं?"

"म्हणूनच बोललो."

"ते मला कळलं. पण पुढच्या वेळी बोलाल का? एक महिना देतो. एका महिन्यात एकदा जरी घोळ झाला, तर सामान मी बांधीन."

पत्नीने त्याच दिवशी जुना मिसळणाचा डबा घासून उन्हात वाळविला. आत सात वाट्या. हळदीची ती सोमवार, मोहरीची मंगळवार, असे तिने ठरविले. पट्टीतून कॅप्सूल न सोलता, कात्रीने पट्टी कापून प्रत्येक वाटीत दोन-दोन तुकडे ठेवले. नाव आणि मुदत छापलेला तुकडा शेवटपर्यंत कापायचा नाही, हा नियमही तिचाच. डबा फळीवर वर, नातवंडे सुट्टीत येतात म्हणून. अर्जनविसाच्या गोळ्या जिरेमोहरीच्या डब्यात, यावर मी आक्षेप नोंदविला. तिने तो ऐकला आणि झाकण लावले.

श्रावणातला शेवटचा सोमवार त्या महिन्यातच होता. सकाळी आठ वाजता भगरीच्या ताटलीशेजारी कॅप्सूल आणि पाण्याचा तांब्या. मी ताटलीकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले.

"फराळ म्हणजे जेवण नव्हे, हे मी अजूनही म्हणतो," मी म्हणालो.

"गोळीबी जेवन न्हाई. गिळा."

मी गिळली. तेवढ्यात तिचा फोन वाजला, मुलाचा होता. तिने माझ्याकडे पाहत उत्तर दिले, "व्हय. माझ्या डोळ्यादेखत. न्हाई, वाद घातला थोडा. घालू दे की, त्यानं काय गुंगी येत न्हाई."

महिना पुरा झाल्यावर मुलगा आला. चहा पिण्याआधीच त्याने डबा खाली काढला, एकेक वाटी पाहिली, पुन्हा पाहिली. झाकण लावताना हळदीचा पिवळा डाग त्याच्या बोटाला लागला, तो त्याने पुसला नाही. संध्याकाळी तो एकटाच परत गेला.

मी टेबलावर बसतो. उठताना आधी टेबलावर हात टेकतो, मग दहापर्यंत मोजतो. लोकांना वाटते मी विचार करीत आहे. परवा कंडक्टरने शेडखाली नव्या माणसांना ती हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगितली, फिट आली, फेस आला, आणि त्याने चप्पल लावली. पहिले दोन मुद्दे मी डॉक्टरीणबाईंचा हवाला देऊन खोडले. तिसऱ्या मुद्द्यावर तो माझ्याकडे रोखून पाहत राहिला.

"बोला की आता, आप्पा. कांदा होता का चप्पल?"

दवाखान्यातील त्या दिवसापासून मला एक सवय लागली आहे, आणि ती चांगली की वाईट हे अजून ठरलेले नाही. म्हणून पूर्वीच्या निवेदनातील ही दुसरी दुरुस्ती येथे नोंदवितो. ती चप्पल होती. मात्र तो उजव्या पायाची म्हणतो, ते धादांत खोटे आहे. ती डाव्या पायाची होती. अंगठा तुटलेला होता आणि तिथे तांबडा दोरा बांधलेला होता. मी पूर्ण शुद्धीवर होतो, मी पाहिले आहे.